आपलेच दात, आपलेच ओठ

हिरड्यांसारख्या क्षुद्र वस्तूला इतिहास तो कसला असणार, अशी शंका विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या मनात आली असेल, तर ती स्वाभाविक आहे. इतिहास म्हटला की गड, तह आणि तलवारी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु माणसाने आपल्या दुखण्याची कारणे कशी शोधली आणि त्या शोधात वेळोवेळी दोष कोणाच्या माथी मारला, हाही इतिहासच आहे. आणि राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा तो आपल्या घराच्या अधिक जवळचा आहे.

एकाच घरात वाढलेले दोन भाऊ डोळ्यांपुढे आणा. एकाच विहिरीचे पाणी प्यालेले, एकाच डब्यातल्या राखुंडीने दात घासलेले. थोरल्याचे दात चाळिशीतच हलू लागतात आणि पन्नाशीला त्याला कवळी लावावी लागते. धाकटा सत्तरीतही ऊस दातांनी सोलून खातो. थोरल्याला घरचे, दारचे आणि वैद्यही एकच गोष्ट ऐकवतात : ‘तुम्ही दातांची हयगय केलीत.’ तो बिचारा खाली मान घालून ऐकून घेतो. धाकट्याने काही विशेष निगा राखली होती काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. या न विचारलेल्या प्रश्नाचाच इतिहास आम्ही आज सांगणार आहोत.

रोगाची ओळख प्रथम करून घेऊ. आपल्याकडे लोक याला पायोरिया म्हणतात. दात किडला तर तो ठणकतो, रात्र जागवतो, माणसाला दवाखान्यात जायला लावतो. हिरडीचा रोग मात्र मुकाट्याने काम करतो. आधी दात घासताना थोडे रक्त येते. पुढे हिरडी आणि दात यांच्यामध्ये फट पडते, तिची खोबण होते, आत पू धरतो. आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड झिजू लागते. दात स्वतः धडधाकट असतो. त्याच्या पायाखालची जमीन जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे या रोगाच्या तीव्र अवस्थेतील माणसे जगात १०० कोटींहून अधिक आहेत.

रोग जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोग ६५ सांगितले असून त्यांपैकी १५ दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. शीतादात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते आणि त्या मऊ पडतात. दंतवेष्टात पू आणि रक्त वाहून दात हलू लागतात. आजचा दंतवैद्य ज्या लक्षणांवर बोट ठेवतो तीच ही लक्षणे. कारण म्हणून कफ आणि रक्त यांची दुष्टी सांगितली आहे. प्रत्येकाची प्रकृती निराळी आणि म्हणून एकच अपथ्य सर्वांना सारखे बाधत नाही, ही आयुर्वेदाची सर्वसाधारण धारणा तर प्रसिद्धच आहे. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांना जनुके ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह कोणी धरू नये. त्यांनी डोळे उघडे ठेवून रोग पाहिला होता, हा गौरव पुरेसा आहे.

आता युरोपात येऊ. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडव्यापारी स्वतः घासलेल्या भिंगांतून दिसेल ते पाहात असे. १६८३ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या दातांच्या फटींतल्या पांढऱ्या किटणाची हकिकत कळवली. तो रोज मिठाने दात घाशी, आणि कितीही जोराने घासले तरी आपल्या हिरड्यांतून रक्त येत नाही असे त्याने अभिमानाने नमूद केले आहे. तरीही त्या किटणात त्याला असंख्य जीव वळवळताना दिसले. मग त्याने जन्मात तोंड न धुतलेल्या एका म्हाताऱ्याच्या दातांवरचे कीटण काढून पाहिले. तेथे तर त्या जीवांची जत्राच भरली होती! मनुष्याच्या तोंडातील जंतूंचे हे पहिले दर्शन. त्यांचा रोगाशी काही संबंध असेल हे कळायला मात्र पुढे दोनशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळात १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशारने दंतशस्त्रक्रियेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दातात किडा असतो ही जुनी समजूत मोडीत काढली. १८७६ च्या सुमारास अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या जॉन रिग्ज या दंतवैद्याने हिरड्यांतून पू येऊन हाड झिजण्याच्या विकाराचे असे नेमके वर्णन केले की, पुढे अनेक वर्षे त्या विकाराला ‘रिग्जचा रोग’ असेच नाव पडले. हा रिग्ज आणखी एका कारणाने इतिहासात आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या आपल्या सहव्यवसायिकाला हास्यवायू हुंगायला देऊन त्याची दाढ काढण्यात आली. ती काढणारा हात रिग्जचा होता. भुलीच्या इतिहासातले हे एक आरंभीचे पान आहे.

रिग्जचे म्हणणे स्वच्छ होते. रोग स्थानिक आहे. दातांवर साचलेले कीटण हेच त्याचे मूळ. ते खरवडून काढा म्हणजे हिरडी बरी होईल. त्याच्या विरुद्ध बाजूस असलेले वैद्य म्हणत की, हिरडी हा केवळ आरसा आहे. बिघाड साऱ्या शरीरात असतो आणि तो हिरडीत दिसतो. कीटण की प्रकृती, हा वाद तेव्हापासून चालू झाला. तो आजही निराळ्या भाषेत चालू आहे, हे पुढे ध्यानात येईल.

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली मुखातील सूक्ष्म जंतूंवर ग्रंथ लिहिला आणि जंतुवादाने दंतवैद्यकात पाऊल टाकले. ते इतक्या जोराने पडले की काही काळ सर्वांचा तोल गेला. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान देऊन तोंडातील पू हे शरीरातल्या नाना व्याधींचे मूळ आहे असा आरोप केला. मग काय विचारता! सांधे दुखतात? दात उपटा. मन ठिकाणावर नाही? दात उपटा. पुढची दोन-तीन दशके वाचवण्याजोगे असंख्य दात या मताला बळी पडले. शास्त्राच्या नावाने केलेली अतिशयोक्ती किती महाग पडते, याचे हे उदाहरण आपण लक्षात ठेवू. पुढे एकदा त्याची गरज लागणार आहे.

यानंतर आपण १९६५ सालात येतो. डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लो या नॉर्वेजियन संशोधकाने दोन सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्याने दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. पुन्हा घासणे सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. इतका सोपा आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकात क्वचितच होतो. रिग्जची बाजू जिंकली असे वाटले. जितके कीटण तितका रोग, असे सरळ समीकरण पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. त्या समीकरणाला एक नैतिक शेपूट आपोआप चिकटले : ज्याचे दात हलतात तो आळशी. थोरल्या भावाचा खटला जणू निकालात निघाला.

परंतु या इतिहासातली गंमत अशी की, ज्याच्या प्रयोगाने हा निकाल लागला त्यानेच पुढे तो फिरवला.

घासणे थांबवले की हिरडी सुजते, हे सिद्ध झाले होते. सुजलेल्या हिरडीचे पुढे काय होते, हे सिद्ध झाले नव्हते. कारण बारा जणांना बारा-पंधरा वर्षे दात घासू नका असे कोण सांगणार? तेव्हा ज्यांनी मुळातच कधी दात घासले नाहीत आणि ज्यांना कधी दंतवैद्य भेटला नाही, अशा माणसांकडे जाणे भाग होते. १९७० साली लो आणि त्याचे सहकारी तेव्हाच्या सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, चहाच्या मळ्यांवर गेले. तेथील १४ ते ३० वर्षे वयाच्या ४८० पुरुष मजुरांची तोंडे त्यांनी तपासली आणि १९८५ पर्यंत ते पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे येत राहिले. हिरडी दाताला जेथे घट्ट चिकटलेली असते ती जागा किती खाली सरकली, हे प्रत्येक दाताशी मिलिमीटरांत मोजायचे, अशी त्यांची रीत होती.

मजुरांचा आहार, काम आणि राहणी जवळपास एक. दातांवर कीटण सर्वांच्या, हिरड्या सुजलेल्या सर्वांच्या. दातांची कीड मात्र बहुतेक कोणालाच नाही. समीकरण खरे असते तर सर्वांची गत एकच व्हायला हवी होती. १९८६ साली प्रसिद्ध झालेले आकडे निराळेच होते. शंभरांपैकी ८ जणांचा रोग झपाट्याने वाढला. ८१ जणांचा बेताने वाढला. आणि ११ जणांचा सूज येण्यापलीकडे मुळी गेलाच नाही. पस्तिशीत पहिल्या गटाची सरासरी हानी सुमारे ९ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे ४, तिसऱ्याची एकाहूनही कमी. पंचेचाळिशीत पहिला गट १३ मिलिमीटरांच्या घरात पोचला होता. दाताच्या मुळाची लांबी साधारण तेवढीच असते हे ध्यानात घेतले, म्हणजे या आकड्याचा अर्थ निराळा सांगायला नको.

हे निरीक्षण त्यानंतरही थांबले नाही. २०१० साली मूळच्या ४८० पैकी ७५ जण पुन्हा तपासता आले. त्यांच्यात एकही दात न गमावलेले होते आणि सर्व दात गमावलेलेही होते. कीटण सर्वांना सारखे. हिशेब मात्र प्रत्येकाचा वेगळा.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. हे ज्ञान जगाला स्वस्तात मिळालेले नाही. ज्या मजुरांनी ते दिले त्यांच्यापर्यंत दंतवैद्यक पोचलेच नव्हते, म्हणूनच ते ज्ञान मिळू शकले. लोने याच सुमारास ऑस्लोतील सुशिक्षितांचीही अशीच पाहणी चालवली होती; पण त्यांना लहानपणापासून उपचार मिळालेले असल्यामुळे रोगाची मोकळी वाटचाल त्यांच्यात दिसणे शक्य नव्हते. जगातील दंतविद्यार्थी आज ८, ८१ आणि ११ हे आकडे पाठ करतात. त्या आकड्यांच्या मागे चहाची पाने खुडणाऱ्या वसाहतींतील माणसांचे हललेले आणि पडलेले दात आहेत, याची आठवण ठेवणे हे ऋण मान्य करण्यासारखे आहे.

आता प्रश्न सरळ उभा राहिला. जंतू सारखे, मग फरक कोणाचा? उत्तर एकच संभवत होते : ज्याच्या तोंडात जंतू आहेत त्या माणसाचा. परंतु संभव आणि पुरावा यांत अंतर असते. ते अंतर जुळ्यांनी कमी केले. एका बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांचा अनुवंश एकच असतो. दोन बीजांच्या जुळ्यांचा सख्ख्या भावंडांइतका सारखा. अमेरिकेतील मिनेसोटा येथे मायकेलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ११० जुळ्या जोड्यांची तोंडे तपासली. त्यांत जन्मापासून वेगवेगळ्या घरी वाढलेल्या एकबीज जोड्याही होत्या. २००० साली त्यांच्याशी संबंधित संशोधकांनी आणखी ११७ जोड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा निघाला की, हाड झिजवणाऱ्या रोगात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा सुमारे निम्मा वाटा अनुवंशाचा आहे. उलट, दात घासणे, धूम्रपान, दंतवैद्याकडे जाणे यांचा हिशेब वजा केल्यावर नुसत्या सुजेत अनुवंशाचा वाटा दिसला नाही. म्हणजे लोचे दोन्ही शोध खरे ठरले. न घासल्याने हिरडी सुजते, हा नियम सर्वांना लागू. सूज हाडापर्यंत पोचते की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी वारशावर अवलंबून.

वारसा म्हणजे नेमके काय? मनुष्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या गावच्या जागल्यासारख्या आहेत. परक्याची चाहूल घ्यायची, हाळी द्यायची, धावून जायचे आणि शत्रूला धरायचे, ही त्यांची कामे. पण जागल्याला डोळे आणि कान हवेत. पेशीच्या अंगावर विशिष्ट आकाराची प्रथिने असतात. ठरावीक वस्तू येऊन त्यांत बसली की पेशीला आत वर्दी जाते. त्यांना शास्त्रज्ञ रिसेप्टर म्हणतात. आपण ग्राही म्हणू. प्रत्येक ग्राहीचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. त्या लिखाणात पिढ्यान्‌पिढ्या एखादे अक्षर बदलत आलेले आहे. अक्षर बदलले की कधी काहीच होत नाही, कधी ग्राहीची पकड जरा सैल होते, कधी तो जरुरीपेक्षा तिखट होतो. हाताची पाचही बोटे सारखी नसतात, तसे कोणाही दोघांचे जागले सारखे नसतात.

ग्राही मुळीच नसला तर काय होते, हे काही अभागी मुलांनी प्रथम दाखवले. १९७९ साली अशा मुलांची नोंद झाली की ज्यांची नाळ जन्मानंतर आठवडेच्या आठवडे गळून पडत नव्हती आणि ज्यांना जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत होता. रक्तात पांढऱ्या पेशी वाजवीपेक्षा किती तरी जास्त, पण जखमेत त्यांचा पत्ता नाही. पुढच्या दशकात कारण सापडले. रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला पेशीला जो ग्राही लागतो, त्याचा एक घटकच जन्मतः सदोष होता. जागले चावडीत कोंडलेले आणि गाव उघडा, अशी स्थिती. या मुलांच्या हिरड्या आणि दातांखालचे हाड बालपणीच नष्ट होते. हिरडीचे भवितव्य ग्राहीवर कसे टांगलेले आहे, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

असे रोगी विरळा. पण आपल्या थोरल्या भावासारख्या सामान्य माणसाचे काय? त्याच्या ग्राहीत मोठा बिघाड नसतो, लहानसा फरक असतो. त्याचा माग विसाव्या शतकाच्या अखेरीस तीन वाटांनी काढण्यात आला.

पहिली वाट धावून जाणाऱ्या पेशींची. ऐन तारुण्यात पुढचे दात आणि पहिल्या दाढा ढिल्या करणारा एक प्रकार आहे. तो अनेकदा एकाच कुटुंबातील भावंडांत आढळतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अशा रुग्णांच्या पांढऱ्या पेशी जंतूंच्या दिशेने नीट सरकत नाहीत असे दिसून आले. जंतू आपल्या मागे प्रथिनांचे काही तुकडे सांडत जातात आणि पेशी त्या वासाने माग काढते; वास ओळखणाऱ्या ग्राहीच्या जनुकात दोन अक्षरबदल १९९९ साली काही रुग्णांत आढळले. दुसऱ्या संशोधकांना दुसऱ्या रुग्णांत मात्र ते आढळले नाहीत.

दुसरी वाट शत्रूला धरण्याची. शरीर जंतूंवर प्रतिपिंडे चिकटवते आणि पांढरी पेशी त्या प्रतिपिंडांचे शेपूट पकडून जंतू गिळते. शेपूट पकडणाऱ्या एका ग्राहीच्या १३१ व्या जागी कोणाला हिस्टिडीन हे ॲमिनो आम्ल असते, कोणाला आर्जिनीन. पहिल्याची पकड एका विशिष्ट जातीच्या प्रतिपिंडावर पक्की बसते, दुसऱ्याची निसटती. आणि हिरडीतील काही जंतूंविरुद्ध शरीर नेमकी त्याच जातीची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात तयार करते! १९९६ साली अमेरिकेत या फरकाकडे लक्ष वेधले गेले. १९९७ साली जपानमधील निईगाता येथे कोबायाशी आणि सहकाऱ्यांना अशाच दुसऱ्या एका ग्राहीच्या विशिष्ट रूपाचा संबंध उपचारानंतर रोग उलटण्याशी दिसला.

तिसरी वाट सर्वांत रंजक, कारण ती माशीपासून निघते. फळांवर बसणाऱ्या बारीक माशीत टोल नावाचे एक जनुक गर्भाच्या घडणीसाठी लागते, हे आधी ठाऊक होते. १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की, हे जनुक बिघडलेली माशी बुरशीच्या संसर्गाने मरते. १९९८ साली अमेरिकेतील डॅलस येथे ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांच्या एका विचित्र वंशाचे कोडे सोडवले. जंतूंच्या कवचातले जे विष इतर उंदरांना मारते ते या उंदरांना बाधत नसे. पण खरे जिवंत जंतू टोचले तर हेच उंदीर चटकन मरत. टोलसारख्या एका ग्राहीत केवळ एक अक्षर बदललेले होते. या उंदरांना शत्रूची चाहूलच लागत नव्हती. म्हणून ते विषाने तळमळत नव्हते आणि म्हणूनच जंतूंनी मरत होते. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. माणसांतही या ग्राहीची निरनिराळी रूपे आढळतात, हे २००० साली दाखवले गेले. आणि हिरडीतल्या अनेक जंतूंच्या कवचात हेच विष असल्याने दंतसंशोधक लगेच त्यामागे लागले. कोणाला संबंध दिसला, कोणाला दिसला नाही.

श्रोत्यांच्या लक्षात आले असेल की, प्रत्येक वाटेच्या शेवटी आम्हांला ‘कोणाला दिसला, कोणाला नाही’ असेच म्हणावे लागत आहे. याचे कारण सरळ आहे. त्या काळी संशोधक आधी एक जनुक मनात धरीत, मग शंभर-दोनशे रोगी तपाशीत. जेथे शेकडो फरक थोडा थोडा हातभार लावतात, तेथे इतक्या थोड्या माणसांत खरा संबंध आणि योगायोग वेगळे ओळखणे कठीण असते. शिवाय एका वंशात सर्रास आढळणारे रूप दुसऱ्यात जवळजवळ नसतेच. १९९७ साली दाह भडकवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ या द्रव्याच्या जनुकांतील एका जोडीचा, धूम्रपान न करणाऱ्यांतील तीव्र रोगाशी संबंध जाहीर झाला, आणि पाहता पाहता गालातली लाळ घेऊन भविष्य सांगणारी चाचणी बाजारात आली. २००० साली चिनी वंशाच्या ३०० माणसांत ती जोडी शेकडा दोन-तीन जणांतच मिळाली. हिरड्यांचा रोग मात्र चिनी लोकांना काही कमी होत नाही. हंटरच्या काळी सारा दोष दाताला दिला गेला. या वेळी तो एका जनुकाला देण्याची घाई झाली. सुदैवाने या वेळी दात उपटले गेले नाहीत. नुसते पैसे गेले.

पुढे पद्धत बदलली. मनात काहीही न धरता हजारो रोगी आणि निरोगी माणसांची समग्र जनुकसंपदा चाळायची आणि फरक कोठे दिसतो ते पाहायचे. अशा शोधात २०१७ साली जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने जी नावे वर आली, त्यांत सिग्लेक-५ हा एक ग्राही होता. याचे काम मोठे सूचक आहे. तो हल्ल्याची हाळी देत नाही. तो पांढऱ्या पेशीला आवरतो, ‘पुरे, हा आपलाच आहे’ असे सांगतो. म्हणजे तो लगाम आहे.

लगामाचे नाव ऐकून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दातांखालचे हाड जंतू खात नाहीत, हे तोवर कळून चुकले होते. दाह फार काळ चालला की शरीराच्याच हाडे विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि संसर्गापासून मागे हटावे तसे हाड मागे हटते. कुंपणच शेत खाते, ते असे. जागला बहिरा असला तर चोर शिरतो. जागला माथेफिरू असला तर चोराच्या पाठी लागून घरेच जाळतो. दोन्ही प्रकारांनी गाव उजाड होतो. नाळ न गळणाऱ्या त्या मुलांचीच गोष्ट पाहा. पेशी पोचत नाहीत म्हणून जंतू माजतात आणि हाड खातात, असे सर्वांनी धरून चालले होते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवले की, पेशी जागेवर न पोचल्यामुळे ‘आता पुरे’ हा निरोपच कोणी देत नाही आणि दाहाची द्रव्ये अनावर होतात. २०१७ साली त्यांनी अशा एका तरुणाला जंतुनाशक नव्हे, तर दाहाची साखळी तोडणारे औषध दिले आणि त्याच्या हिरड्यांचा दाह शमला. एका रोग्यावरून सर्वांचा नियम होत नाही, हे खरे; पण रोगाचे मर्म कोठे आहे हे त्या एका रोग्याने दाखवले.

आपल्या भाषेत एक म्हण आहे : आपलेच दात, आपलेच ओठ. दाताने ओठ चावला तर शिक्षा कोणाला करायची? हिरड्यांच्या रोगात शरीराची हीच पंचाईत होते. रक्षक आपले, नाश आपला.

मग कीटण की प्रकृती, या रिग्जच्या काळापासूनच्या वादाचा निकाल काय? आमच्या मते दोन्ही पक्षांचे वकील अर्धे खरे बोलत होते. कीटणावाचून हा रोग सहसा होत नाही. पण कीटण किती महागात पडेल याचा भाव प्रत्येकाच्या प्रकृतीने ठरतो. त्या प्रकृतीवर तंबाखू आणि मधुमेह आणखी व्याज चढवतात, हेही आज नक्की झाले आहे. आपल्याकडे कित्येक घरांतून बायका हिरड्यांना मिश्री लावतात आणि ती दातांना चांगली असे समजतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, एवढे सांगून आम्ही हा मुद्दा सोडतो.

या इतिहासाचा दुहेरी धडा आम्हांला दिसतो. पहिला, दोष देणाऱ्यांसाठी. थोरल्या भावाचे दात गेले ते केवळ त्याच्या आळसाने गेले असे म्हणण्याचा अधिकार आता कोणाला उरलेला नाही. मळ्यांवरच्या त्या शंभरांतील अकरांनी कधी दात घासले नव्हते, म्हणून ते काही पुण्यवान ठरत नाहीत. आणि ज्या आठांचे दात गेले ते पापी ठरत नाहीत. दुसरा धडा नशिबावर हवाला ठेवणाऱ्यांसाठी. निम्मा वाटा अनुवंशाचा, असे ऐकताच ‘आमच्या घराण्यातच आहे, घासून काय उपयोग’ असे म्हणणारे निघतील. त्यांनी हिशेब उलटा मांडलेला आहे. ज्याच्या घराचे छप्पर गवताचे आहे त्यानेच चुलीतला विस्तव अधिक जपायचा असतो. आईबापांचे दात लवकर गेले असतील तर मुलांनी हिरड्या लवकर आणि वरचेवर दाखवल्या पाहिजेत. घरच्या वारशाची खबर आगाऊ मिळणे, हा वारशातला एकच फायदा आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करावे. थोरल्या भावाला, म्हणजे आपल्या घरात जो कोणी थोरला भाऊ असेल त्याला, पुन्हा बोल लावू नये. आणि सत्तरीत ऊस सोलणाऱ्या धाकट्याने आपल्या दातांची फुशारकी जरा बेतानेच मारावी. त्यातला निम्मा पराक्रम त्याने केलेलाच नाही.